कबरी जास्वंद

हिंगणा रोडवर, शालिकरामच्या नर्सरीत,
हिरव्या जाळीखाली ती दिसली.
गुडघ्याएवढी. पानापानावर पांढरं, गुलाबी, थोडं हिरवं,
जणू घर रंगवून झाल्यावर कुणी ब्रश झटकला.

"न्या मॅडम. हे फार वाढत नाही.
मोठ्या झाडाईले जागा लागते,
हे आपलं कोपऱ्यात बसून राह्यते."

आमचा प्लॉट मानेवाड्याकडचा, नऊशे फुटांचा.
घर, स्कूटी, बोअर आणि कूलरचा स्टँड वजा जाता
बागेला उरते साडीच्या काठाएवढी पट्टी.
तिथे क्रोटन आहे, पिवळा दुरांटा आहे, बुटकी एक्झोरा आहे.
फुलं येतात, जातात.
पानं मात्र सरकारी नोकरीत लागल्यासारखी
बारा महिने रंगात हजर.

माती काळी. पावसात चप्पल ओढून घेते,
उन्हाळ्यात अशी भेगाळते
की कानातलं पडलं तर गेलंच समजा.
तिच्यात मी रेती कालवली, शेणखत,
आणि हिवाळाभर वाळवलेल्या संत्र्यांच्या साली.

नवतपा लागला.
पहिल्यांदा पांढरंच करपलं,
कागदाची कड जळावी तसं.
फोन लावला. शालिकराम म्हणाला,
"पांढऱ्यात दम कमी राह्यते मॅडम.
पांढरं सैपाक करत नाही.
हिरवं करते, आन् साऱ्याईले वाढते."

फोन खांद्यात धरून मी कणीक मळत होते.
मनगटापर्यंत पीठ.
पीठ कुठे संपतं
आणि माझं पांढरं कुठे सुरू होतं
ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

खरं सांगू? उन्हाळा मला आवडतो.
मे महिन्यात या गावातल्या साऱ्याच बाया
तोंडाला ओढणी बांधतात, हातमोजे घालतात.
सिग्नलला उभ्या राहिलो
की मी त्यांच्यातलीच एक.

त्यातलीच एक जुनी ओढणी
मी झाडावर ताणून बांधली, चार काड्यांना.

शेजारच्या निमजेबाई भिंतीवरून वाकल्या.
"रोग पडला काय वो झाडावर?
काढून फेका. बाकीच्याईले लागन."
त्या झाडाकडेच पाहत होत्या, फक्त झाडाकडे.
"जातच अशी आहे," मी म्हणाले,
आणि आवाज जरा जास्तच लागला.
बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या,
"फांदी द्याल काय एखादी?"

ऑगस्टात बुडाजवळून एक फांदी निघाली,
नखशिखांत हिरवी. जाड, चकचकीत, घाईत.
पंधरा दिवसांत सगळ्यांच्या डोक्यावर.
मला तर आनंदच झाला होता.
"तोडा," शालिकराम म्हणाला. "आजच्या आज.
नाहीतर सालभरात अख्खं झाड हिरवं होईन.
तुम्हाले वाटन, सुधरलं.
पण तुम्ही नेलं ते झाड नाही राहणार मग."

कात्री चार दिवस भिंतीवर पडून होती.

एकोणिसाव्या वर्षी आई मला बावचीचं तेल लावून
गच्चीवर बसवायची, उन्हात, घड्याळ लावून.
एकदा मनगटावर तीन ठिपके सावळे होऊन परत आले.
आईने गल्लीत पेढे वाटले.
कशाचे, ते कुणाला सांगितलं नाही.
दिवाळीपर्यंत ठिपके गेले.
पेढ्यांचा रिकामा डबा
तिने बरीच वर्षं जपून ठेवला, सुया-दोऱ्यासाठी.

पाचव्या दिवशी फांदी कापली.
फेकवली मात्र नाही.
रंगाच्या रिकाम्या बादलीत, फाटकाजवळ खोचली.
आता ती माझ्या छातीला लागते, रोज चार फुलं देते,
येणारेजाणारे तोडून नेतात.

कबरी अजून गुडघ्याएवढीच.
सप्टेंबरात तिला एक फूल आलं, लाल, लहान.
पानं बाजूला सारल्याशिवाय दिसेना.
मी मोजे काढूनच सारली.

काल निमजेबाईंनी हाक मारली.
त्यांच्या डब्यातली फांदी फुटली आहे.
दोन पानं कबरी आली.
तिसरं अजून मिटलेलं आहे,
आणि आम्ही दोघी, उकिडव्या बसून,
ते कसं निघतं यावर वाद घालतो आहोत.